अख्खा माणूस

‘पाण्याने बोटं मोजली नाहीत, त्याने त्याला अख्खा माणूस म्हणून घेतलं.’ परीक्षक बाईंनी चष्मा सावरून हे वाक्य माईकवर वाचलं, जरा थांबून पुन्हा एकदा वाचलं, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या नंदकिशोरचा खिशातल्या रुमालाकडे निघालेला हात वाटेतच थांबला. वाक्य त्याचं होतं. कथा चाकणच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या ज्योतीराम तिडकेची, पुरस्कार त्या कथेला, कथा छापली होती विद्यापीठाच्या ‘वळचण’ या वाङ्मयीन नियतकालिकाने, आणि ‘वळचण’चा संपादक होता नंदकिशोर. इथवर सगळं जगजाहीर होतं. पण हे वाक्य आणि त्याच्या आगेमागचं दीड पान नंदकिशोरने स्वतः लिहिलं होतं, आणि हे त्या वातानुकूलित सभागृहातल्या तीनशे माणसांत एकट्या त्याला ठाऊक होतं. बाजूच्या खुर्चीवरच्या पद्मा मॅडम, त्याच्या विभागप्रमुख, त्याच्याकडे झुकून म्हणाल्या, “काय लिहिलंय हो. आपल्याला नाही सुचायचं असं.” नंदकिशोर हो म्हणाला. त्याचे कान गरम झाले होते. पुढे बाई बरंच बोलल्या. कारखान्यातल्या माणसाच्या रांगड्या अनुभवातून थेट उमटलेला शेवट, असं म्हणाल्या, कसलेल्या लेखकाला असा शेवट साधत नाही म्हणाल्या, नायकाचं नाव ‘समाधान’ ठेवण्यातला बोचरा उपरोध म्हणाल्या. कसलेला लेखक तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. वीस वर्षांपूर्वी त्याची एक कथा एका दिवाळी अंकात आली होती, बावन्नाव्या पानावर, खाली गूळपावडरची जाहिरात होती, आणि त्या कथेबद्दल कुणीही, अगदी गूळपावडरवाल्यानेही, कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

‘वळचण’ वर्षातून तीनदा निघे. मोशीच्या पुढे, इंद्रायणी ओलांडली की डाव्या हाताला शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, तेच विद्यापीठ. तिथे मेकॅनिकलला रांग लागे आणि मराठी विभागात कधी अकरा विद्यार्थी असत, कधी नऊ. तपासणी समिती आली की तिच्यापुढे ठेवायला काहीतरी साहित्यिक हवं, म्हणून कुलगुरूंनी नियतकालिक काढायला लावलं आणि नंदकिशोरच्या गळ्यात टाकलं. मुख्य संपादक म्हणून कुलगुरूंचं नाव छापून येई. कुलगुरूंनी एकही अंक उघडला नव्हता, पण फोटो बारीक झाला तर त्यांचा फोन येई. नंदकिशोरने मात्र हे मनावर घेतलं. मनावर घेण्यासारखं दुसरं काही त्याच्याकडे उरलं नव्हतं. आसपासच्या औद्योगिक पट्ट्यातल्या नोकरदारांकडून, कामगारांकडून, भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या पोरांकडून त्याने कविता मागवल्या, कथा मागवल्या, कंपन्यांच्या बसथांब्यांवर पत्रकं चिकटवली. आलेल्या प्रत्येक लेखनावर आकडा घालायचा, नाव झाकायचं आणि मगच वाचायचं, असा नियम त्याने केला. नियम चांगला होता. त्यामुळे कुणाचा वशिला चालत नसे, आणि लिहिणारा माणूस कुठला, कोण, घरी कोण कोण, हे कळतही नसे. मग निवडलेल्या लेखनावरून तो हात फिरवी. हात फिरवणं हे संपादकांचं जुनं काम आहे. सुरुवातीला तो नुसती वाक्यं सरळ करी. मग परिच्छेद मागेपुढे करू लागला. पुढे पुढे कवितेची शेवटची ओळ उडवू लागला, आणि कथेला नवा शेवट हवा असं वाटलं तर तोही लिहून टाकू लागला. लेखकाला आधी विचारत नसे. विचारलं की लेखक अडून बसतो, हा त्याचा अनुभव होता. लेखनासोबत एक फॉर्म भरून घेतलेला असे, त्यात सातव्या कलमात संपादकीय संस्काराचा अधिकार संपादकाकडे राहील असं बारीक अक्षरात होतं, आणि खाली लेखकाची सही. सगळेच सही करत. छापून आलं की पेढे घेऊन येत. एका कवीच्या तर लक्षातही आलं नव्हतं की बारापैकी सात ओळी त्याच्या नाहीत. उलट तो त्या सातच ओळी सगळ्यांना वाचून दाखवे.

एक्केचाळीस नंबरची कथा आली ती कारखान्यातल्या तपासणी अहवालाच्या पाठकोऱ्या कागदांवर. अक्षर एकेक सुटं, एकसारखं, ओळी पट्टीने आखल्यासारख्या. दोन भाऊ लातूरकडून कामाला येतात, चाकणला एका खोलीत राहतात. थोरला पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, काँट्रॅक्टवर. एक दिवस हात आत आला की प्रेस थांबवणारा सेन्सर चालत नाही, सुपरवायझर म्हणतो चालव तसंच, आणि थोरल्याच्या उजव्या हाताची दोन बोटं जातात. मग दवाखाना, कागदपत्रं, गावाहून आलेली आई. वाचता वाचता नंदकिशोर ताठ बसला होता. प्रेसचा आवाज थांबल्यावर कानात जी शांतता होते ती त्या माणसाने अशी लिहिली होती की नंदकिशोरला हेवा वाटला, अगदी स्पष्ट, पोटात दुखावं तसा. आणि मग शेवट आला. शेवटी थोरला घरी येतो, खाली बसतो, आईच्या हातातली मेथीची जुडी ओढून घेतो आणि निवडायला लागतो. तीन बोटांनी. आई नको म्हणते, तो ऐकत नाही. दुपारची संध्याकाळ होते. भाजी होते. जेवताना तो म्हणतो, मीठ जरा कमी आहे. संपली कथा. नंदकिशोरने पान उलटून पाहिलं, पलीकडे छापील तक्ता होता, कुठल्याशा नटबोल्टची मापं. त्याला आधी वाटलं पान हरवलं असावं. मग त्याला त्या माणसाचा राग आला. एवढं सगळं उभं करून हा माणूस मेथी निवडत बसतो, मिठावर येऊन थांबतो. हातात आलेलं असं मातीत घालायचं? आणि नायकाचं नाव समाधान. इतकं टोकदार नाव सुचलेल्या लेखकाला ते शेवटी वापरता येऊ नये, याची नंदकिशोरला हळहळ वाटली. ते नाव सुचलेलं नसून एखाद्या आईने बारशाच्या दिवशी आपल्या पोराला ठेवलेलं असू शकतं, हे त्या विद्वान डोक्यात आलं नाही.

तो रविवार त्याला लख्ख आठवत होता. बायको, निवेदिता, मारुंजीला बहिणीकडे गेली होती. घरात पंखा आणि तो. जेवण झाल्यावर हात फिरवायला म्हणून बसला आणि बघता बघता मेथीची जुडी कथेतून निघून गेली. त्याच्या शेवटात थोरला भाऊ भल्या सकाळी उठतो, पहिल्या शिफ्टच्या बसच्या रांगेत सवयीने उभा राहतो, बस त्याला न घेता जाते, आणि तो चालत चालत मोशीच्या पुलाखाली इंद्रायणीच्या काठावर येतो, पांढरा फेस तरंगणाऱ्या पाण्यात उतरतो. बारा वर्षं ज्या हाताला स्वतःची एक ओळ सुचली नव्हती तो हात दोन तास थांबला नाही. पाण्याने बोटं मोजली नाहीत हे वाक्य लिहिल्यावर तो उठून गॅलरीत गेला होता, समोरच्या बांधकामावर बायका विटा वाहत होत्या, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं लागलं होतं, आणि नंदकिशोरला रडू येईल इतका आनंद झाला होता. माणूस बुडवल्याचा आनंद. पण तेव्हा तो माणूस नव्हता, एक्केचाळीस नंबर होता. अंक छापून झाल्यावर त्याने मूळ कागद नेहमीप्रमाणे रद्दीत दिले, ज्योतीराम तिडकेच्या पत्त्यावर लेखकाची प्रत पाठवली, आणि पेढ्यांची वाट पाहिली. पेढे आले नाहीत. साधा फोनही आला नाही. पाच महिने गेले. काही लोकांना कृतज्ञता नसते, असं नंदकिशोरने ठरवून टाकलं होतं.

आणि आता पुरस्कार. ज्योतीरामला विभागातून फोन गेला तेव्हा तो म्हणाला होता, मला ते नको, माझी शिफ्ट आहे. विनय, असं पद्मा मॅडम म्हणाल्या, कामगार माणूस, बुजला असेल. म्हणून निवेदकाने व्यासपीठावरून जाहीर केलं की लेखकाच्या वतीने संपादकांनी पुरस्कार स्वीकारावा. नंदकिशोर उठला. पायऱ्या चार होत्या. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, वर काचेचं स्मृतिचिन्ह, त्यावर ज्योतीरामचं नाव. फोटोवाल्याने सर थोडं हसा म्हटलं. नंदकिशोर हसला, आणि त्या क्षणी त्याला खरोखरच वाटलं की आता माईक हातात घ्यावा आणि सांगून टाकावं. काय सांगणार होता? की हा शेवट माझा आहे? मग ‘वळचण’चं काय, नियमाचं काय, झाकलेल्या नावांचं काय? त्या बारा ओळीवाल्या कवीचं काय? तो खाली आला आणि शाल घडी करून मांडीवर ठेवली. आयुष्यात मिळालेला पहिला पुरस्कार त्याला दुसऱ्याच्या घरी पोचता करायचा होता.

घरी निवेदिताने शालीचं कापड बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाली, “बरी आहे. कुणाची?” त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, म्हणजे शेवट त्याने लिहिला इथपर्यंत. ती एका कंपनीत माणसं नेमायचं काम करत असे, दिवसभर लोकांच्या बढाया ऐकून तिचे कान तयार झाले होते. ती म्हणाली, “मग त्याला सांग ना. त्याला तर कळलंच असेल, त्याचीच गोष्ट आहे ती.” नंदकिशोर म्हणाला, “त्याला कळलंय म्हणूनच तो आला नाही. लाज वाटली असेल त्याला, दुसऱ्याच्या लिहिण्यावर शाल घ्यायची.” निवेदिताने शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली. “त्याला लाज वाटली,” ती म्हणाली, “आणि तू घेऊन आलास.” तिने हे भांडायला म्हटलं नव्हतं, पोळ्या लाटायच्या होत्या म्हणून ती आत गेली. पण नंदकिशोरच्या डोक्यात त्यातलं भलतंच राहिलं. त्याला तर कळलंच असेल. पृथ्वीवर एक माणूस असा होता ज्याला न सांगता ठाऊक होतं की ते दीड पान आपलं नाही. त्या माणसाने एकदा, फक्त एकदा, सर, ते तुमचं आहे, असं म्हणावं. दोघांतच. बाकी जगाला नाही कळलं तरी चालेल. एवढ्यासाठी तो पाच महिने झुरत होता हे त्याला त्या रात्री जेवताना पहिल्यांदा नीट कळलं, आणि त्याला स्वतःची कीव आली, आणि तरीही त्याने हात धुऊन ज्योतीरामला फोन लावला.

फोनवर ज्योतीराम फार बोलला नाही. “या सर. बेस्तरवारी सुट्टी आस्ती. पण एक करा, त्यो अंक-बिंक काही आणू नका संगं.” नंदकिशोर बरं म्हणाला. पण गुरुवारी निघताना स्मृतिचिन्हाच्या पिशवीत त्याने दोन अंक टाकलेच. पुरस्कार मिळालेल्या लेखकाला जादा प्रती द्यायच्या असतात, आणि शिवाय त्याच्याकडून एका प्रतीवर सही घ्यावी असं कुठेतरी मनात होतं. कदाचित तो म्हणेल, सर, मी कशी करू सही, तुम्हीच करा. रस्त्याला कांद्याचे ट्रक लागले होते, त्यांच्यामधून दुचाकी काढताना नंदकिशोर हा संवाद मनात पुन्हा पुन्हा सुधारत होता. कारखाने बंद असल्यामुळे एरवी कंपन्यांच्या बसेसनी भरणारा रस्ता मोकळा होता, बायका पोरांना घेऊन बाजाराला निघाल्या होत्या, पुरुष आंघोळ करून, भांग पाडून, काय करावं ते न कळून टपऱ्यांवर उभे होते. संवाद प्रत्येक वेळी थोडा बरा होत होता. शेवटच्या खर्ड्यात ज्योतीरामच्या डोळ्यांत पाणी होतं.

एका ओळीत आठ खोल्या होत्या, समोर सामाईक ओटा. पत्ता विचारायला म्हणून नंदकिशोर पहिल्याच उघड्या दारापाशी थांबला. दारात पस्तिशीचा एक माणूस मांडी घालून बसला होता, पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर मेथी. तो एकेक काडी डाव्या हाताने उचलत होता आणि उजव्या हाताने पानं खुडत होता. त्या हाताला अंगठा होता आणि शेवटची दोन बोटं होती. मधली जागा गुळगुळीत, लालसर होती. त्याने मान वर केली. “ज्योत्याकडं आलाव का? ह्येच घर. मी समाधान, थोरला त्याचा.” नंदकिशोरच्या हातातली पिशवी जड झाली. मेलेला माणूस मेथी निवडत त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की बोटांचं वर्णन मूळ कथेत बरोबर होतं, आपण ते बदलायला नको होतं.

आतून ज्योतीराम आला. बारीक, चेहऱ्यावर दाढीचे खुंट, अक्षर होतं तसाच एकसारखा माणूस. मागोमाग त्याची आई, यशोदाबाई. तिने पदराला हात पुसत विचारलं, “ह्येच का रे ते सर?” ज्योतीराम व्हय म्हणाला. यशोदाबाईने नंदकिशोरला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या बघण्यात राग नव्हता, राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. ती एखाद्या न समजणाऱ्या यंत्राकडे बघावं तशी बघत होती. “मला काय वाचता येत न्हाई,” ती म्हणाली. “शेजारच्या पोरीनं वाचून दावलं. चांगलं लिवलंय म्हणत हुते मी. आन् मग ह्यो न्हदीला गेला म्हणली. पाण्यात गेला म्हणली. म्या तिला थांब म्हणलं, उठून दाराशी आले आन् बगितलं, हाय का न्हाई ह्यो जाग्यावर. बसला हुता. तरी मला पुढं ऐकू आलं न्हाई.” नंदकिशोर म्हणाला, “मला माहीत नव्हतं. मला वाटलं, ते पात्र आहे.” यशोदाबाईने ज्योतीरामकडे पाहिलं, पण त्याने तिला तो शब्द समजावून सांगितला नाही. “च्या ठेवते,” ती म्हणाली आणि आत गेली.

ज्योतीराम त्याला ओट्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेला. तिथून समाधानची पाठ दिसत होती. ज्योतीराम हळू बोलत होता, आणि बोलताना सारखा त्या पाठीकडे बघत होता. “मी क्वालिटीला हाय सर. दिवसभर पार्ट तपासायचं काम. खराब आला तर लाल टॅग. दुरुस्त करून आला तर आमी त्याला रीवर्क म्हणतो. त्यो पण जातो पुढं, चालतो. पण त्याला पिवळा टिपका मारावा लागतो, आन् कुणी केला, काय केला, चिठ्ठी आस्ती संगं. न्हाई तर पुढच्याला कसं कळावं? तुमच्याकडं तसं काय नस्तंय का?” नंदकिशोर म्हणाला, “फॉर्मवर सातवं कलम आहे.” म्हणून झाल्यावर त्यालाच ते ऐकवलं नाही. ज्योतीराम म्हणाला, “आसंल. सही माझीच हाय. मी काय भांडायलो न्हाई.” मग पुन्हा त्या पाठीकडे बघत म्हणाला, “म्या ती गोष्ट त्याच्यासाठी लिवली हुती सर. बोटं गेल्यावर सा म्हैने त्यानं कशाला हात लावला न्हाई. भाकरी पण आई मोडून द्यायची. आन् एक दिवस मेथी वढून घेतली. मीठ कमी हाय म्हणला. आमच्या घरात त्या दिवशी दिवाळी हुती. म्हणलं ह्ये लिहावं, छापून यावं, त्याच्या हातात द्यावं, की बग, तू ह्ये केलंस. पोस्टानं अंक आला तवा मी शिफ्टला. त्यानंच फोडला.”

टाकीचा नळ गळत होता, खाली कुणीतरी ठेवलेल्या बादलीत टपटप पडत होतं. नंदकिशोरला वाटलं आता या माणसाने शिव्या द्याव्यात. ज्योतीराम म्हणाला, “त्याला वाटलं मीच लिवलंय. माझा भाऊ माझ्याबद्दल आसं बगतो, म्हणला. मी गेलो तर बरं, आसं त्याच्या मनात हाय, म्हणला. किती सांगितलं, माझं न्हाई ते, सरांनी बदललंय. त्याला पटंना. सर कशाला बदलत्याल, म्हणला, त्यांना काय पडलंय माझं. दोन म्हैने रोज वाचायचा. मोठ्यानं. म्या फाडून टाकला अंक, तर पाठ झाल्यालं त्याला. सकाळी उठून म्हणायचा. मी आन् आईनं पाळ्या लावल्या, एकट्याला सोडायचं न्हाई. म्या सेकंड शिफ्ट बंद करून घेतली. डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणले, ह्याला टोकू नका, आडला तर पुढचा शब्दबी सांगू नका, आपोआप इसरंल. आन् खरंच इसरायलाय आता. आधी सगळं म्हणायचा, आता मधी मधी आडतोय. आडला की जरा येळ बसतो आन् मग सोडून देतो, भाजी निवडायला घेतो. म्हणून म्हणलं सर, अंक आणू नका. आन् ह्ये काचेचं पण घिऊन जा माघारी. एकच करा. तुमीच लिवलं म्हणून त्याला एकदा सांगा. तोंडानं. तुमी सांगितलं तर त्याला पटंल.”

पाच महिने नंदकिशोरला जे ऐकायचं होतं ते हेच होतं. ते तुमचं आहे, सांगून टाका. मोशीपासून चाकणपर्यंत त्याने सुधारलेल्या संवादात हे वाक्य शेवटी येत होतं, आणि आता ते आलं होतं, पण त्याची चव कडू, गंजलेल्या नळाच्या पाण्यासारखी होती. सांगतो, तो म्हणाला. खरंच सांगणार होता. हातातली पिशवी त्याने अंगाशी घट्ट धरली, म्हणजे अंक दिसू नयेत.

चहा आला. चौघं दारापाशी बसले. समाधानने निवडलेल्या पानांचा हिरवा ढीग एका बाजूला केला आणि कप डाव्या हातात घेतला. उन्हं ओट्यावरून भिंतीवर सरकली होती. पलीकडच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. नंदकिशोर म्हणाला, “समाधानभाऊ, त्या गोष्टीबद्दल बोलायचं होतं. तिचा शेवट, म्हणजे तो नदीचा भाग, ज्योतीरामने लिहिलेला नाही. मी लिहिला. माझी चूक झाली.” हे त्याने सरळ, एका दमात सांगितलं. एवढं एक तरी त्याच्या हातून नीट झालं. यशोदाबाईचा हात मेथीत थांबला. “तुमी?” समाधान म्हणाला. “तुमी मला वळखत पण न्हाई.” “नाही,” नंदकिशोर म्हणाला. समाधानने मान हलवली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी जागेवर बसावं तसा त्याचा चेहरा सैल झाला, आणि ज्योतीरामने तो पाहिला. “म्हंजी ह्याचं न्हवतं,” समाधान म्हणाला. “न्हाई रे,” ज्योतीराम म्हणाला. “किती दिस झालं सांगायलोय.” समाधान हसला. मग, जणू आता ते वाक्य घरातलं नसून बाहेरच्या पाहुण्याचं होतं म्हणून पाहुण्याला दाखवावं, तशा सहज आवाजात म्हणाला, “लिवलंय मातर भारी, सर. मला लई पाठ हुतं. थांबा.” आणि तो म्हणू लागला.

तो शाळेत कविता म्हणतात तसा, समोर बघून म्हणत होता. बसची रांग आली. बस त्याला न घेता गेली. पुलाखालचा फेस आला. यशोदाबाई डोळे मिटून बसली होती. ज्योतीरामने गुडघ्यावर हात ठेवला होता आणि तो मोजत असल्यासारखा वाट बघत होता, अडेल, आता अडेल. नंदकिशोरच्या कानात आपली वाक्यं येत होती, लातूरकडच्या हेलात, त्याने लिहिली त्याहून चांगली होऊन. वीस वर्षांत त्याची एक ओळ कुणाला पाठ नव्हती. त्याच्या नकळत त्याचे ओठ हलत होते. त्याला आपली लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली, खूप खाली, तो त्या रविवारच्या दुपारसारखा सुखी होता. “पाण्यानं बोटं मोजली न्हाईत,” समाधान म्हणाला. “त्यानं त्याला…” आणि तो अडला. त्याने पुन्हा म्हणून पाहिलं. “त्यानं त्याला… माणूस म्हणून…” नाही. काहीतरी राहत होतं. त्याने कपाळाला आठी घातली, हाताकडे पाहिलं, मग पुढ्यातल्या मेथीकडे पाहिलं. यशोदाबाईने डोळे उघडले आणि एक जुडी त्याच्याकडे सरकवली. त्याचा उजवा हात जुडीकडे गेला. ज्योतीराम हळूच मागे भिंतीला टेकला.

“अख्खा,” नंदकिशोर म्हणाला.

तो म्हणून गेला. वर्गात विद्यार्थी अडला की म्हणतात तसा, खर्ड्यात शब्द गळलेला दिसला की वर चिन्ह करून घालतात तसा, वीस वर्षांच्या सवयीने. समाधानचा हात जुडीवरच थांबला, आणि त्याचा चेहरा उजळला.

“हां. अख्खा,” तो म्हणाला, आणि मेथी बाजूला सारून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागला. या वेळी तो कुठेच अडला नाही.